टाइमप्लीज न चालणाऱ्या जगात

गेमच्या आत घडणाऱ्या गोष्टी तपासायच्या, लेखकाबरोबर बसून दुरुस्त करायच्या आणि ध्वनिमुद्रणाला पाठवायच्या, हे माझं पोटापाण्याचं काम. या श्राव्य मालिका असतात. बसमध्ये, पोळ्या लाटताना, रात्रपाळीला लोक त्या ऐकतात. बीज बहुतेक वेळा एकच: कुणीतरी खेळता खेळता गेमच्या आत ओढलं जातं, आणि सुटायचं तर शेवटच्या लेव्हलपर्यंत जिवंत राहावं लागतं. जपानी कादंबऱ्यांनी आणि ॲनिमेंनी हा प्रकार जगभर नेला. आता तो मराठीतही रुळतोय. या गोष्टींत मोठी माणसं बरी जमतात. कर्जात बुडालेला इंजिनिअर, नोकरी गेलेली नर्स, रुसलेला कॉलेजकुमार यांना लेखक ओळखून असतात. मूल आलं की संहिता लंगडायला लागते.

एक तर ते मूल बोबडं असतं. वय सात, आणि म्हणतं, ‘दादा, मला भीती वातते.’ दुसरीतलं मूल असं बोलत नाही, आणि आपल्याला कुणी ‘बाळ’ म्हटलेलं त्याला खपत नाही. नाहीतर मग ते अकाली म्हातारं असतं. राक्षसासमोर उभं राहून आयुष्याचा अर्थ सांगतं आणि सगळे मोठे गप्प होऊन ऐकतात. तिसरं एक आहे, त्याचा मला मनापासून राग येतो. मोबाइल फार बघितला म्हणून शिक्षा झाल्यासारखं गेममध्ये अडकलेलं, आणि बाहेर आल्यावर ‘आई, आता मी रोज अभ्यास करीन’ म्हणणारं. ही संहिता मी परत पाठवते. त्या मुलाला लेखकाने आत पाठवलेलंच नसतं, नुसतं दरडावलेलं असतं.

ओवीची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण या कामातलं मला जे काही समजलंय, ते मुख्यतः तिच्यावर काम करताना समजलं. लेखिका तरुण, हाताला चांगलं वळण असलेली. मालिकेत सतरा वर्षांचा भाऊ आणि सात वर्षांची ओवी एका तटबंदीच्या शहरात अडकतात. पहिल्या खर्ड्यात ओवी प्रत्येक भागात रडायची, ‘मला आईकडे जायचंय’ म्हणायची आणि भाऊ तिला वाचवायचा. मी लेखिकेला म्हटलं, ‘हिला काढून त्या जागी एखादी पेटी ठेवली तरी गोष्ट अशीच चालेल. भावाने पेटी सांभाळायची, एवढंच.’

‘पण ताई, सात वर्षांची मुलगी अशा ठिकाणी रडणार नाही का?’

‘रडेल ना. पण रडून झाल्यावर काय करेल?’

या प्रश्नावर आमचं अडलं. मग मी तिला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये घेऊन गेले. संध्याकाळी तिथे मुलं कट्ट्यावर फोन घेऊन बसतात. आम्ही शेजारच्या पायरीवर बसून राहिलो.

पहिली गोष्ट कानावर पडली ती भाषा. आईशी, आपसात शुद्ध मराठीत भांडणारी ही मुलं खेळ सुरू झाला की हिंदीत शिरतात. ‘पीछे है, पीछे है! रिव्हाइव्ह कर ना!’ स्क्वॉडमध्ये कुठला मुलगा कुठल्या गावचा असेल याचा भरवसा नसतो, म्हणून ती सवय पडते, आणि मग चौघेही याच बिल्डिंगमधले असले तरी सुटत नाही. खेळ संपला की पुन्हा मराठी. लेखिकेने ते तिथेच टिपून घेतलं. पुढे वरून विचारणा झाली की मराठी मालिकेत मुलांच्या तोंडी हिंदी कशाला. मी सविस्तर कारण लिहून कळवलं आणि ते मान्य झालं. मुलगा लढाईत हिंदी आणि भूक लागल्यावर मराठी बोलतो, हे ऐकलं की घरात मूल असलेला श्रोता लगेच कान टवकारतो.

दुसरं दिसलं ते असं. एक मुलगी माइनक्राफ्टमध्ये डुकरासाठी घर बांधत होती. बाहेर अंधार पडत होता, म्हणजे त्या जगातला अंधार. झोंबी निघायची वेळ. तिचा भाऊ ओरडत होता की आधी स्वतःभोवती भिंत घाल. तिने डुकराच्या घराला खिडकी हवी म्हणून काच करायला घेतली. वाळू भट्टीत घालून काच होते, त्याला वेळ लागतो, आणि ती शांतपणे थांबली होती. झोंबी येणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. डुक्कर खरं नाही हेही ठाऊक होतं. तरी खिडकी हवी होती.

एवढ्यात वरच्या मजल्यावरून जेवायची हाक आली आणि दुसऱ्या एका मुलाने मान वर न करता उत्तर दिलं, ‘आई, हा पॉज होत नाही गं!’ ऑनलाइन सामना खरंच थांबवता येत नाही. आयांना ते पटत नाही, आणि मुलांना ते पटवून देण्याचा कंटाळा येतो.

त्या खिडकीवाल्या मुलीवरून मला आठवलं, मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्की यांनी १९३३ मध्ये खेळावर दिलेल्या व्याख्यानात दोन सख्ख्या बहिणींचं उदाहरण आहे. एक पाच वर्षांची, एक सात. त्या ‘बहिणी-बहिणी’ खेळतात. एरवी बहीण म्हणून वागताना त्यांच्या मनात काही नसतं. खेळात मात्र बहिणीने कसं वागायचं याचे नियम त्या काटेकोर पाळतात. सारखे कपडे, हातात हात. मला हे उदाहरण रोजच्या कामात उपयोगी पडतं. खरं आणि खोटं यांत मुलाची गल्लत होते असं समजून मोठे लेखक मूल लिहितात. मुलाची गल्लत होत नसते. खेळ हा खेळ आहे हे पूर्ण माहीत असताना ते त्यात जीव ओततं. गेमच्या आत अडकलेलं मूल लिहायचं तर हे दुहेरी भान लिहिता आलं पाहिजे. ते नसेल तर बाकी कितीही गोड संवाद लिहा, मूल उभं राहत नाही.

दुसरा आधार मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांच्या १९३२च्या पुस्तकाचा. जिनिव्हा आणि न्यूशातेलच्या मुलांबरोबर बसून त्यांनी गोट्यांचे नियम विचारले. लहान मुलं सांगत की नियम पूर्वापार आहेत, मोठ्या माणसांनी केलेत, ते बदलता येत नाहीत. आणि खेळताना मात्र आपापल्या मनाने खेळत. दहाच्या पुढची मुलं सांगत की सगळ्यांचं ठरलं तर नियम बदलता येतो, आणि तीच नियमाला अधिक धरून असत. सात वर्षांची ओवी या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे. नियम तिला पवित्र आहे, आणि तिच्या जगात त्याला पळवाटाही आहेत. लहान असली तर तिला आउट धरत नाहीत. दम लागला तर तिला थांबता येतं.

म्हणून लेखिका आणि मी तिसरा भाग नव्याने लिहायला बसलो. ओवी आणि भाऊ बुरुजावरून पळताहेत, मागे दगडी पहारेकरी. ओवीला दम लागतो. ती थांबते, हात वर करते आणि ओरडते, ‘टाइमप्लीज!’

पहारेकरी थांबत नाही.

घाव बसतो, तिची लाइफ झरकन खाली येते. भाऊ तिला ओढून आडोशाला नेतो. आणि ओवी रडते ती दुखलं म्हणून नव्हे. ती संतापलेली असते. ‘मी टाइमप्लीज म्हटलं होतं! त्याला ऐकू गेलं होतं! चीटिंग आहे ही!’ भाऊ समजावतो, इथे तसं नसतं. ती विचारते, ‘मग कसं असतं? कोणी ठरवलं?’

हे पान हातात आल्यावर मला पहिल्यांदा ओवी दिसली. अंगणातल्या खेळाचे नियम माणसांच्या संमतीवर चालतात. कुणी पडलं, कुणाला घरून हाक आली, कुणी फारच लहान असलं तर खेळ वाकतो. यंत्रातला खेळ वाकत नाही. मोठ्या माणसाला अशा जगात मरणाची भीती वाटेल. मुलाला आधी धक्का बसेल तो इथे कुणाशी बोलून काही ठरवता येत नाही याचा. त्या दोन भीतींमधलं अंतर लिहिता आलं की वय आपोआप कळतं, सात वर्षांची आहे असं निवेदकाला सांगावं लागत नाही.

त्याच शहरात एक खोली आहे. तिथलं मडकं फोडलं आणि दाराबाहेर जाऊन परत आलं की मडकं पुन्हा सांधलेलं. ओवीला याचा शोध लागतो आणि ती आत-बाहेर करत राहते. लेखिकेला वाटलं, एखाद्या मडक्यात किल्ली निघू दे. मी नको म्हटलं. मुलाची प्रत्येक करामत कथानकाच्या कामी आली की मूल पुन्हा साधन होतं. ओवी मडकं फोडते कारण ते परत सांधतं, आणि जगात दुसरं काही असं सांधत नाही. श्रोता तिथे थोडा थांबला तर बिघडत नाही.

या प्रकारातल्या नावाजलेल्या गोष्टींकडे मी आता याच नजरेने बघते. रेकी कावाहारा यांची ‘स्वॉर्ड आर्ट ऑनलाइन’ २००९ पासून पुस्तकरूपात आली. दहा हजार खेळाडू गेममध्ये कोंडले जातात. आत मेला तो बाहेरही मेला. त्यात सिलिका नावाची बारा-तेरा वर्षांची मुलगी आहे. तिने एक छोटा पिसांचा ड्रॅगन पाळलाय आणि त्याचं नाव ठेवलंय पीना, कारण घरच्या मांजरीचं नाव पीना. एवढ्या एका तपशिलात ती मुलगी आहे. तिने घर सोडलेलं नाही, घराचा एक तुकडा ती या जगात घेऊन आलीय, आणि त्याबद्दल ती भाषण करत नाही. पीना मरतो तेव्हा त्याला परत जिवंत करण्यासाठी सिलिका फूल आणायला निघते, आणि आपल्याला ते पटतं.

त्याच कथेत यूई आहे. आठेक वर्षांची दिसणारी, किरितो आणि असुना या जोडीला पप्पा-मम्मी म्हणणारी, आणि प्रत्यक्षात खेळाडूंच्या मनाची काळजी घेण्यासाठी रचलेला प्रोग्रॅम. लोकांचं तिच्यावर फार प्रेम आहे आणि तिचा प्रसंग हळवा आहेच. तरी मूल म्हणून मला ती पटत नाही. तिला स्वतःचं असं काही हवं नसतं. त्या दोघांना जे हवंय ते ती त्यांना देते. ती प्रोग्रॅम आहे हे कळल्यावर मला उलट बरं वाटलं, कारण तिचं वागणं त्याने नीट लागतं. आपल्या पुष्कळ संहितांमधली हाडामांसाची म्हणवणारी मुलं यूईसारखी असतात, आणि त्यांना तसं कारणही दिलेलं नसतं.

मामारे तोउनो यांच्या ‘लॉग होरायझन’मध्ये मिनोरी आणि तोया ही जुळी भावंडं आहेत, माध्यमिक शाळेतली. खेळात नव्याने आलेल्यांना लवकर वाढता यावं म्हणून एक रसायन मिळतं. लोक आत अडकल्यावर एक टोळी नवख्या मुलांना आसऱ्याच्या नावाखाली कोंडते आणि ती रसायनं काढून घेऊन विकते. नवख्यांवर दया म्हणून केलेला नियम त्यांच्याच गळ्याला फास होतो. मला हे फार खरं वाटतं. मुलांचं शोषण नेहमी असंच, सोयीच्या आडून होतं. आणि तोया बाहेरच्या जगात चाकाच्या खुर्चीत आहे, इथे तो धावू शकतो. त्याच्यासाठी ‘सुटका’ या गोष्टीचं वजन इतरांपेक्षा वेगळं आहे. त्याला जे हवंय ते गोष्टीला हवं असलेल्यापेक्षा निराळं आहे, आणि म्हणून तो नजरेत भरतो.

गेमच्या आतल्या मुलाची एक खास अडचण आहे. तिथे शरीर खोटं असतं. अकरा वर्षांचा मुलगा निंजाच्या देहात असू शकतो. ‘रेडी प्लेअर वन’च्या २०१८च्या चित्रपटात शो नावाचा खेळाडू अकरा वर्षांचा निघतो तेव्हा सोबत्यांना आश्चर्य वाटतं. उंची, चेहरा, पडलेले दात यांपैकी काहीही लेखकाच्या हाताशी उरत नाही. उरतं ते वागणं आणि आवाज. आमच्याकडे तर आवाजच.

ओवीच्या आवाजासाठी आठ वर्षांची एक मुलगी आजीबरोबर यायची. तिला छापील संहिता भरभर वाचता यायची नाही, म्हणून दिग्दर्शक एकेक वाक्य सांगे आणि ती म्हणे. जखमी ओवीचा प्रसंग होता. ‘हळू, क्षीण आवाजात म्हण, तुला खूप लागलंय’ असं तिला सांगितलं. तिने म्हणून दाखवलं. सिनेमात मरताना बोलतात तसं झालं. दुसऱ्या टेकच्या आधी तिने काचेपलीकडून मला विचारलं, ‘मावशी, माझी लाइफ किती उरलीय?’

मी म्हटलं, ‘अगदी थोडी. लाल झालीय.’

‘मग मी एवढं हळू नाही बोलणार. लाल झाल्यावर घाई करतात.’

आणि तिने ते वाक्य एका दमात, शब्दांवर शब्द चढवत म्हटलं. ‘दादा डाव्या बाजूला जा तिथे औषध आहे मी बघितलंय मला सोड तू जा ना लवकर.’ तोच टेक ठेवला. दिग्दर्शक अनुभवी माणूस. त्याने हेडफोन काढून तिच्या आजीला सांगितलं की मुलगी बरोबर बोलली. लाल पट्टी झाल्यावर माणूस कळवळत नाही, हिशेब करतो, हे तिच्या बोटांना माहीत होतं.

लहान मुलाचाच आवाज हवा असा माझा हट्ट नाही. टेलटेल कंपनीच्या २०१२च्या ‘द वॉकिंग डेड’ या गेममध्ये आठ वर्षांची क्लेमेंटाइन आहे, तिला आवाज दिलाय मेलिसा हचिसन या प्रौढ अभिनेत्रीने, आणि गेममधल्या मुलांपैकी मला ती सर्वांत जवळची. मेलेली माणसं उठून चावताहेत आणि ही मुलगी आईवडिलांशी बोलता येईल म्हणून वॉकीटॉकी सांभाळते. २०१३च्या ‘द लास्ट ऑफ अस’मधली चौदा वर्षांची एली उजाड झालेल्या गावातून चालता चालता शीळ वाजवायला शिकते. जमत नाही, पुन्हा करते. ॲशली जॉन्सन यांचा आवाज तिथे सुंदर लागलाय, पण शिळेची कल्पना कुणाच्या तरी लेखणीतून आधी आली असणार.

आता जरा अवघड जागा. मूल गोष्टीत आलं की ते मरणार नाही हे श्रोता धरून चालतो. १९९७च्या ‘फॉलआउट’मध्ये खेळाडू मुलांनाही मारू शकत असे आणि त्याच्या नावाला कायमचा कलंक लागे; युरोपात तो गेम विकताना त्यातून मुलं काढावी लागली. २०११च्या ‘स्कायरिम’मध्ये मुलांना वार लागतच नाही. तलवार चालवा, आग टाका, मूल आपलं उभं. कंपन्या असं का करतात हे मला समजतं आणि खेळाडूच्या हाती ते नसावं हेच बरं. पण त्या मुलांकडे बघा: सगळी लिंबूटिंबू. डावात आहेत आणि डावात नाहीत. म्हणून त्यांच्याशी कुणी मनापासून बोलत नाही.

गोष्ट लिहिताना मी मुलाला मारायला सांगत नाही, कधीच सांगितलं नाही, आणि निव्वळ धक्का देण्यासाठी ते करणाऱ्या संहितेवर मी सही करत नाही. पण मुलाचं काहीतरी जाऊ शकलं पाहिजे. सिलिकाचा पीना जाऊ शकतो. ओवीचं काय जाईल यावर आम्ही बरेच दिवस बोलत होतो. लेखिकेने शेवटी सुचवलं, तिचं नाव. त्या शहरात प्रत्येकाच्या डोक्यावर खेळातलं नाव तरंगतं, आणि ती भावाच्या फोनवरून आत आलेली असल्याने तिच्या डोक्यावर भावाच्या जुन्या खात्याचं नाव आहे. दुकानदार, पहारेकरी, सगळे तिला त्याच नावाने हाक मारतात. ती प्रत्येकाला सांगते, मी ओवी. यंत्रातल्या पात्रांना ते कळत नाही. काही भागांनंतर ती सांगायचं सोडून देते. कुठेही तिला ओरखडा उठलेला नाही, आणि ऐकताना माझ्या पोटात खड्डा पडला.

सध्या आम्ही दुसऱ्या सीझनवर आहोत आणि तिथे काळाचा प्रश्न आलाय. ‘स्वॉर्ड आर्ट ऑनलाइन’मधले लोक दोन वर्षं आत राहतात. मोठ्यांची दोन वर्षं म्हणजे गेलेली नोकरी, थकलेले हप्ते. सातव्या वर्षी आत गेलेल्या मुलीची दोन वर्षं म्हणजे पडलेले दात, आलेले दात, आखूड झालेले फ्रॉक, पाढे. खेळातल्या देहाला यातलं काहीच होणार नाही. ती तेवढीच राहील आणि आतून नऊ वर्षांची होईल. आधी जिथे ती दादाचा हात धरायची तिथे आता धरणार नाही. टाइमप्लीज तर मागणारच नाही. उलट नव्याने आलेल्या एखाद्या छोट्याने ते मागितलं तर ती त्याच्यासाठी काय करेल, हे आम्हाला लिहायचंय. लेखिकेचं म्हणणं, ती पहारेकऱ्याच्या आडवी जाईल. मला वाटतं, ती त्या मुलाला आधी नियम सांगेल, आपल्याला कुणी सांगितला नव्हता म्हणून, आणि थोडी मोठेपणाने, ओरडूनच सांगेल. लेखिका म्हणते, ताई, मग ती श्रोत्यांना दुष्ट वाटेल. नऊ वर्षांची मुलं सात वर्षांच्यांशी अशीच वागतात, असं मी तिला सांगितलंय. सोमवारी दोन्ही पानं घेऊन आम्ही परत बसणार आहोत, आणि त्या छोट्या आवाजवालीलाही बोलावलंय. तीही आता मोठी झालीय.